कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० मिसिंग मारतेय? पार्ट विकत घ्यायच्या आधी हे करून बघा

गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिन मधेच हुकून झटके द्यायला लागलं, की बहुतेक ठिकाणी एकच क्रम चालतो. आधी प्लग बदलतात, नाही गेलं तर वायरी, मग कॉईल, मग कार्ब्युरेटरचं किट, आणि तरी नाही गेलं की "आता इंजिन खोलावं लागेल" असं सांगतात. पैसे तर जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे नेमका दोष काय होता ते शेवटपर्यंत कळतच नाही, कारण चार वस्तू एकदम बदलल्या की कुठल्या वस्तूने गाडी सुधारली ते कोण सांगणार? माझं म्हणणं एवढंच आहे की मिसिंग शोधायला एकही नवा पार्ट लागत नाही. ह्या गाडीला तीन सिलेंडर आहेत म्हणजे प्लगचे, वायरीचे तीन तीन नग आधीच तुमच्या हातात आहेत, त्यांची आपापसात अदलाबदल करायची, दोष कुठे सरकतो ते बघायचं आणि दोष सापडला की मगच स्पेअर पार्टच्या दुकानात जायचं.

मी हे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला धरून लिहितोय. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली, जानेवारी २०१४ ला बनायची थांबली, मधल्या काळात कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) जाऊन एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी सिस्टिम) आलं. इंजिन सुझुकीचं एफ८बी, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. ओम्नीत पण हेच इंजिन आहे, फक्त ते पुढच्या सीटखाली आहे त्यामुळे सीट उचलून काम करावं लागतं, बाकी खाली लिहिलेलं सगळं ओम्नीला जसंच्या तसं लागू होतं. पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा जुनी जीप असेल तर आकडे वेगळे आणि सिलेंडर चार, पण शोधायची पद्धत तीच.

आधी गाडी काय सांगतेय ते ऐका

इंजिनला तीन गोष्टी लागतात, वेळेवर स्पार्क, हवा-पेट्रोलचं बरोबर मिश्रण आणि कॉम्प्रेशन, म्हणजे त्या मिश्रणावरचा दाब. ह्यातली एक कमी पडली की त्या सिलेंडरचा स्फोट होत नाही, त्यालाच आपण मिसिंग म्हणतो. आयडलिंगला (रेस न देता) इंजिन साधारण ९०० आरपीएमला फिरत असेल तर तिन्ही सिलेंडर मिळून सेकंदाला बावीस-तेवीस स्फोट होतात, त्यातला प्रत्येक तिसरा गायब झाला की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं हलायला लागतं. सहा सिलेंडरच्या गाडीत एक मेला तर बाकीचे सांभाळून घेतात, इथे तिसरा हिस्सा ताकदच जाते, म्हणून ८०० ला मिसिंग लपत नाही.

बॉनेट उघडायच्या आधी गाडी चालू ठेवून मागे जा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरा (पाईपला लावू नका, भाजेल). धक्के एका ठरावीक तालात येत असतील आणि त्याच तालात एक धक्का हुकत असेल तर दोष एका सिलेंडरचा आहे. कधी हुकतंय, कधी सलग दोन हुकतायत, मधेच बरं चालतंय असं काही असेल तर दोष तिघांना सामाईक असलेल्या वस्तूत आहे, म्हणजे कॉईल (बॅटरीच्या करंटचे हजारो व्होल्ट करते ती), तिला चालू-बंद करणारे पॉइंट आणि त्यांचा कंडेन्सर, रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून करंट वाटणारा), कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल. हा फरक नीट ओळखता आला तर अर्धं काम तिथेच झालं.

मग स्वतःला विचारा की मिसिंग होतं कधी. फक्त पावसात किंवा सकाळी सकाळी होतं आणि ऊन पडल्यावर जातं तर ओलावा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर (तिन्ही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग), त्याची कॅप आणि प्लगकडे जाणाऱ्या हाय टेन्शन वायरी. फक्त घाटात किंवा चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर होतं तर स्पार्क कमजोर आहे किंवा पेट्रोल पुरत नाहीये. फक्त आयडलिंगला होतं आणि ४० च्या पुढे गाडी झक्कास चालते तर आयडल जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक), कुठेतरी शिरणारी फालतू हवा नाहीतर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग). गाडी गरम झाल्यावरच होतं आणि अर्धा तास उभी केली की जातं तर कॉईल किंवा कंडेन्सर. ह्यातलं काहीही शंभर टक्के नसतं पण सुरुवात कुठून करायची ते ह्यावरून ठरतं.

काम सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद शेडमध्ये चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि वासही येत नाही, आणि मिसिंग असलेली गाडी तर धूर जास्तच सोडते. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, बाह्या दुमडा, ओढणी किंवा गळ्यातली चेन काढून ठेवा, फॅन बेल्ट कुणाची वाट बघत नाही. सामान फार लागत नाही: २१ नंबरचा प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, बारीक पॉलिश पेपर, सुका सुती कपडा, पाण्याचा स्प्रे (इस्त्रीला वापरतो तो चालेल) आणि रबरी मुठीची चिमटा पक्कड.

मेलेला सिलेंडर कसा पकडायचा

इंजिन चालू, आयडलिंग. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलेंडर एक नंबर, तिथून दोन आणि तीन. आता एका वेळी एकच प्लगची वायर काढायची आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. चांगल्या सिलेंडरची वायर काढली की इंजिन लगेच खाली बसतं, थरथरतं, कधी बंदही पडतं. ज्याची वायर काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही तो आधीच काम करत नव्हता, तोच आपला चोर.

इथे एक काळजी घ्या. हाय टेन्शन म्हणजे पंधरा-वीस हजार व्होल्ट, झटका जोरदार बसतो आणि हार्टचा त्रास किंवा पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम करूच नये. वायर चालू इंजिनवर ओढण्यापेक्षा मला ही पद्धत जास्त आवडते: इंजिन बंद करायचं, एक वायर काढायची, त्या वायरीच्या टोपीत एक जादाचा जुना प्लग बसवायचा आणि त्या प्लगचं लोखंड इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून ठेवायचं, मग गाडी चालू करायची. वेळ थोडा जास्त जातो पण हाताला झटका नाही, आणि काढलेल्या वायरीच्या स्पार्कला जायला जागा मिळते. पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर हे करायलाच हवं, वायर नुसती हवेत लटकत ठेवली तर कॉईल आणि मॉड्यूलवर ताण येतो. शिवाय काही कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे (चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला होता), तसा असेल तर ही टेस्ट लवकर उरका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो लाल होतो.

तिन्ही वायरी काढल्यावर सारखाच फरक पडतो? मग एक सिलेंडर मेलेला नाही, दोष सामाईक आहे. थेट डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरवर जा.

आता अदलाबदल

समजा दोन नंबर मेलेला निघाला. इंजिन थोडं थंड होऊ द्या, हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम हेडमधून प्लग ओढून काढला तर आटे निघून येतात, ते काम मग फार महागात पडतं. प्लगच्या भोवती फुंकर मारून माती उडवा, नाहीतर ती आत पडते. दोनचा प्लग एकला आणि एकचा दोनला लावा. प्लग आधी हातानेच, पान्याचा दांडा न लावता फिरवत न्यायचा, सरळ गेला पाहिजे, तळाशी टेकला की मग पान्याने. नवा प्लग असेल तर टेकल्यावर अर्ध्या फेऱ्यापेक्षा थोडं जास्त, जुना असेल तर त्याचं वायसर आधीच दबलेलं असतं म्हणून थोडंसंच.

पुन्हा तीच वायर काढायची टेस्ट. आता एक नंबर मेलेला दाखवत असेल तर दोष प्लगबरोबर सरकला, म्हणजे प्लग गेला, विषय संपला, तीन प्लगचा सेट आणा. दोनच मेलेला राहिला तर प्लग निर्दोष आहे, आता वायर बघा. ह्या वायरींची लांबी वेगवेगळी असते पण तात्पुरती अदलाबदल बऱ्याचदा जमते, फक्त फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटायचा क्रम) बिघडवू नका. ८०० ची ऑर्डर १-३-२ आहे. कॅपचं कुठलं भोक कुठल्या सिलेंडरला जातं ते वायरी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा किंवा वायरीला चिकटपट्टी लावून नंबर लिहा. दोन वायरी उलट्या लागल्या की गाडी कार्ब्युरेटरमधून फटाके मारते आणि मग माणूस उगाच टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) हलवत बसतो.

वायर बदलून दोष सरकला तर वायर. नाही सरकला, म्हणजे दोन नंबरला चांगला प्लग आणि चांगली वायर असूनही तो मेलेलाच आहे, तर दोनच जागा उरल्या, कॅपमधला दोन नंबरचा टर्मिनल किंवा इंजिनाच्या आत, म्हणजे कॉम्प्रेशन. (मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरमधलं मिश्रण सिलेंडरकडे नेणारी नळी, तिच्या गॅसकेटमधून फक्त त्याच सिलेंडरला हवा ओढली जात असेल ही तिसरी शक्यता, तिचं पुढे सांगतो.)

आणि हे लक्षात घ्या की कार्ब्युरेटर एकच आहे आणि तो तिन्ही सिलेंडरना एकच मिश्रण पाठवतो. तेव्हा एकच सिलेंडर ठामपणे मेलेला असेल तर कार्ब्युरेटर सर्व्हिस करून काहीही होणार नाही. एवढी एक गोष्ट माहीत असली तरी कार्ब्युरेटर किटचा खर्च वाचतो.

प्लग काढलेच आहेत तर नीट बघून घ्या, प्लगचं टोक बरंच काही सांगतं. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी, बोटाला लागणारी, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय पण स्पार्क पडत नाहीये. ऑईलने ओला, चिकट काळा, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑईल येतंय, असा प्लग साफ करून लावला तर थोडे दिवस चालेल आणि परत तेच. पांढराफटक आणि कडा वितळल्यासारख्या म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) किंवा टायमिंग पुढे (स्पार्क लवकर पडतोय). तिन्ही प्लग क्रमाने एका कागदावर मांडून बघा, दोन एकसारखे आणि एक वेगळा दिसला तर काम सोपं झालं. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. जुन्या प्लगचं मधलं टोक गोल झालं असेल तर गॅप कितीही नीट करा, स्पार्क कमजोरच पडणार.

डिस्ट्रिब्युटर, इथे घाई करू नका

माझ्या मते पावसाळ्यातल्या मिसिंगचा मोठा वाटा इथेच सापडतो, आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. कॅप काढून नुसती आत फुंकर मारली आणि परत लावली, असं नाही. कॅप उजेडात घेऊन या, सुक्या कपड्याने आतून बाहेरून पूर्ण पुसा आणि मग तिरपी धरून उन्हात बघा. एका टर्मिनलपासून दुसऱ्या टर्मिनलकडे किंवा टर्मिनलपासून कॅपच्या कडेकडे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का? कपड्याने पुसून जात नाही, नखाने खरवडली तरी राहते? ती कार्बनची वाट आहे. ओलाव्यामुळे एकदा स्पार्क त्या वाटेने गेला की प्लास्टिक जळून कार्बन होतं, कार्बनमधून वीज जाते, म्हणून पुढच्या वेळी स्पार्क प्लगकडे जायच्या ऐवजी त्याच सोप्या वाटेने जातो. पॉलिश पेपरने घासून ती तात्पुरती जाते पण टिकत नाही, कॅप बदलायची.

कॅपच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेलं कार्बनचं बोटूक असतं, ते आत-बाहेर सहज होतं का, झिजून लहान झालंय का, तुटलंय का ते बघा. टर्मिनलवर पांढरट हिरवी पावडर जमली असेल तर खरवडून काढा, कोकण आणि गोव्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे हमखास असतं. रोटरचं टोक जळून खड्डा पडलाय का, रोटरच्या पोटाला काळा डाग आहे का (असेल तर स्पार्क रोटरमधून खाली शाफ्टला जातोय), हे पण बघा.

आमच्या ओळखीत चिपळूणला एका काकांकडे ८०० आहे. जूनपासून सकाळी सुरू करताना दोन सिलेंडरवर चालायची, चार-पाच किलोमीटर गेलं की आपोआप बरी व्हायची. एका गॅरेजवाल्याने प्लग, वायरी आणि कार्ब्युरेटर किट सगळं घातलं, काका हैराण. कॅप उन्हात धरली तर एक नंबरच्या टर्मिनलपासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढा तडा, आणि तड्यात ओल. इंजिन गरम झालं की ओल सुकायची म्हणून गाडी बरी व्हायची. नवी कॅप घातली आणि सुरू झाली ती तिन्ही सिलेंडरवर. त्या प्लगांचा, वायरींचा आणि किटचा खर्च काकांच्या डोक्यावर नाहक पडला ह्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हा भाग एवढा लांबवतोय.

हे पकडायची सोपी युक्ती: रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, हात लावू नका, आणि कॅपवर, कॉईलच्या तोंडावर आणि वायरींवर स्प्रेने पाण्याचा अगदी हलका तुषार मारा. जिथून करंट गळतोय तिथे निळ्या ठिणग्या चटचट उडताना दिसतात आणि त्याच क्षणी इंजिन हुकतं. दिवसा हे दिसत नाही. वायरी एकमेकींना किंवा गरम भागांना चिकटून जात असतील तर त्या वेगळ्या करा, मूळ क्लिपा टिकवा.

वायर मल्टिमीटरवर मोजायची असेल तर कार्बनची वायर काही हजार ओहम दाखवते, लांब वायर जास्त, आखूड कमी. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. दोन वायरी जवळपास सारख्या आणि तिसरी काहीच दाखवत नाही किंवा वाकवली की आकडा उड्या मारतो, तर ती आतून तुटलीय.

पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंट उघडून बघा. दोन्ही तोंडं सपाट आणि राखाडी हवीत. एकावर डोंगर आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर घासून थोडे दिवस चालवता येतं पण बदलणं बरं. गॅप ०.४ ते ०.५ मिमी, आणि तो मोजताना कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोबर आला पाहिजे, नाहीतर मोजलेला गॅप खोटा. टाचेला ग्रीसचा अगदी छोटा ठिपका लावा, तोंडाला लागू देऊ नका. आणि हे विसरू नका की गॅप बदलला की टायमिंग पण बदलतं, गॅप वाढवला तर टायमिंग पुढे जातं, म्हणून पॉइंट सेट केल्यावर टायमिंग लाईट लावून तपासायचंच. पॉइंट वारंवार जळत असतील आणि उघडताना जाड निळी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर गेलाय. त्याची किंमत किरकोळ असते पण गाडी हायवेवर थांबवायला तो पुरेसा आहे, एक जादाचा गाडीत ठेवा. बिघडत चाललेला कंडेन्सर बऱ्याचदा थंड असताना चांगला वागतो आणि गरम झाल्यावर दगा देतो.

कॉईलसाठी: प्रायमरी दीड ते तीन ओहमच्या आसपास, सेकंडरी आठ-दहा हजार ओहमच्या पुढे. थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा, गरम झाल्यावर आकडा गायब होत असेल तर तीच दोषी. पण कॉईलवर आळ घ्यायच्या आधी इंजिनाकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी उघडून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून घट्ट करा, गंजलेल्या पट्टीमुळे अख्खं इग्निशन कमजोर होतं आणि हे काम फुकटातलं आहे.

स्पार्क ठीक आहे, मग पेट्रोल आणि हवा

इथे पहिली टेस्ट चोक, म्हणजे थंड गाडी सुरू करताना हवा कमी करायला ओढतो ती दांडी. मिसिंग चालू असताना चोक अर्धा ओढा. इंजिन सुधारलं तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे कुठून तरी फालतू हवा शिरतेय किंवा जेटमध्ये कचरा आहे. आणखी बिघडलं तर मिश्रणात पेट्रोल आधीच जास्त आहे, फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी) गळतेय का, चोकची केबल पूर्ण परत जातेय का, एअर फिल्टर बदलून किती दिवस झाले ते बघा.

हवा शोधायला कार्ब्युरेटरच्या बुडाची पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्डचा जोड, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमचा बारीक पाईप आणि ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा पाईप, ह्या चार जागा. आयडलिंगला एकेका जागी पाण्याचा बारीक स्प्रे मारा. आवाज बदलला की तिथे गळती. बरेच जण इथे पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात, गरम एक्झॉस्टशेजारी ते अजिबात करू नका, आग लागते. मॅनिफोल्डच्या टोकाच्या सिलेंडरपाशी गॅसकेट फुटलं असेल तर फक्त तोच सिलेंडर आयडलिंगला हुकतो आणि रेस दिली की बरा होतो, हीच ती तिसरी शक्यता.

आयडल जेट तुंबला तर तिन्ही सिलेंडर आयडलिंगला अडखळतात आणि गाडी स्पीडला बरी चालते. जेट काढून कॉम्प्रेसरच्या हवेने मोकळा करा. तार घालू नका, जेट पितळेचा असतो आणि त्याचं भोक शंभर टक्के मापात हवं, तारेने ते मोठं झालं की पेट्रोल वाढतं आणि पुढे ॲव्हरेज कधीच येत नाही. आयडल सोलेनॉईड असेल तर किल्ली फिरवल्यावर टक् असा आवाज आला पाहिजे.

घाटात दम सोडत असेल तर पेट्रोल फिल्टर आधी बदला, मग मेकॅनिकल पंप तपासा. आणि आता ई२० बद्दल, कारण ह्या गाड्यांसाठी ते खरंच महत्त्वाचं झालंय. आता पंपावर बहुतेक सगळीकडे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि ह्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. पंपाचा पडदा, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, पेट्रोलचे पाईप, फ्लोटची सील हे फुगतात, कडक होतात, तडे जातात. इथेनॉल हवेतली ओल पण ओढून घेतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी साचतं आणि ते कार्ब्युरेटरमध्ये आलं की गाडी कशीही हुकते. जुन्या टाकीतला गंज आणि गाळ पण इथेनॉल सोडवून आणतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर तुंबतात. पेट्रोलचे पाईप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे टाकून घ्या, हे मिसिंगसाठी नाही तर आगीसाठी, पाईपला बोटाने वाकवून तडा दिसला की त्याच दिवशी बदला. आणि गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा नुसती सुरू न करता दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

तरीही तोच सिलेंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन

आधी टॅपेट. हेड कव्हर काढा, इंजिन पूर्ण थंड, त्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी क्रँक फिरवा आणि फिलर गेजने टॅपेटची फट बघा. थंड इंजिनला साधारण ०.१५ मिमी, पण आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच सेट करा. आवाज करणारा टॅपेट लोक लगेच टाईट करून घेतात, पण खरा धोका टाईट टॅपेटचा आहे, तो बिचारा आवाज करत नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, आयडलिंगला कॉम्प्रेशन गळतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असेल तर काही महिन्यांत कडेने जळतो. एलपीजी किंवा सीएनजी किट लावलेल्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीट झिजून टॅपेट आपोआप टाईट होत जातात, तुमच्याकडे गॅस किट असेल तर हे दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

टॅपेट ठीक असतील तर कॉम्प्रेशन गेज लावा, बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉईलचं कनेक्शन काढलेलं, बॅटरी फुल, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून स्टार्टर मारायचा, काटा वर चढायचा थांबेपर्यंत. प्रत्येक सिलेंडरला सारखेच फेरे. तिन्ही आकडे लिहून काढा. जुन्या इंजिनचे आकडे थोडे कमी असणारच, ते चालतं, पण एक आकडा बाकी दोघांपेक्षा बराच खाली असेल तर दोष आत आहे. मग त्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल टाका आणि परत मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर कमी असतील तर त्या दोघांच्या मधलं गॅसकेट फुटलंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा ऑईलवर दुधाळ साय दिसते का ते पण बघा. तिन्ही सारखेच कमी असतील आणि नुकताच टायमिंग बेल्ट बदलला असेल तर बेल्ट एक दात चुकलाय का ते आधी तपासायला सांगा.

आता कुठे इंजिन खोलायचा विषय येतो. आणि तेव्हाही गॅरेजवाल्याला "मिसिंग आहे बघा" असं मोघम सांगू नका, "दोन नंबर मेलेला आहे, प्लग आणि वायर बदलून बघितली, कॅप ठीक आहे, कॉम्प्रेशन हे हे आलं, ऑईल टाकल्यावर वाढलं नाही" असं सांगा. चांगला मिस्त्री असेल तर त्याला आनंद होतो आणि तो थेट हेड खोलतो.

एमपीएफआय ८०० असेल तर पद्धत हीच, फक्त कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर येतो आणि तो प्रत्येक सिलेंडरला वेगळा असल्यामुळे एका सिलेंडरचा दोष पेट्रोलमुळेही असू शकतो. इंजेक्टरला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून मुठीला कान लावा, तिन्हींची टिकटिक सारखी हवी.

दुरुस्ती झाल्यावर गाडी गल्लीत फिरवून आणू नका, पूर्ण माणसं बसवून एखाद्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी स्पीडने रेस द्या, उरलंसुरलं मिसिंग तिथेच बाहेर येतं. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर तिन्ही प्लग परत काढून बघा, तिघांचा रंग सारखा यायला हवा. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं पासिंग करायचं असेल तर पीयूसी ह्या सगळ्यानंतरच काढा, मिसिंग असताना न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं, हायड्रोकार्बनचा आकडा वर जातो आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू कितीही फिरवले तरी तो खाली येत नाही.